दादाचे थेंब

ता. २ जून
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.
तुझा उजवा कान वाहतोय हे वाचलं. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईचा कान गेला तर साहेब किती दिवस कळ काढणार? पण डॉक्टरकडे धावू नकोस. गॅरेजात गाडी शिरली की मी नुसत्या आवाजावरून दोष सांगतो. हे लोक आधी बॉनेट उघडतात, मग विचार करतात. गेल्या वर्षी माझा कान असाच ठणकला. माझं औषध मीच शोधलं, चार दिवसांत ठणठणीत! गल्लीतले निम्मे कान आता त्यावरच आहेत. औषधवाला त्यांना 'दादाचे थेंब' म्हणतो, चिठ्ठीबिठ्ठी मागत नाही. बाटली सोबत धाडलीय. दोन थेंब, दिवसातून तीनदा. मेहुण्यांना म्हणावं, हसायचं काम नाही.
तुझाच, दादा

ता. १४ जून
ती. दादास सा. न. वि. वि.
कान वाहायचा कमी झालाय. पण थेंब टाकले की घशात कडू लागतं, आणि उठताना भिंत धरावी लागते. हे म्हणतात, तुझ्या भावाने आतले पाइप बदलले की काय! डॉक्टरला दाखव म्हणून मागे लागलेत. पुढच्या महिन्यात ऑफिसात आम्हा टेलिफोनवाल्यांचे कान तपासणार आहेत, त्याआधी बरं व्हायला हवं. तू सांगशील तसं करते.
तुझी चिमणी

ता. १९ जून
चि. चिमणीस आशीर्वाद.
अगं खुळे, कडू लागतंय म्हणजे औषध आत पोचतंय! माझ्या घशापर्यंत कधी आलं नाही. तुला माझ्याहून लागू पडतंय. दोनाचे चार कर. उपाशीपोटी कामाला पळतेस, मग चक्कर येणारच. तपासणीची हमी माझी.
दादा

ता. २० जुलै
ती. दादास सा. न.
तपासणीत नापास झाले. उजव्या कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं. पडद्याला भोक आहे. थेंब त्यातून आत गेले, म्हणून घशात उतरत होते. आतली नस गेली म्हणाले, ती परत येत नाही. थेंब कोणी दिले विचारलं, तर मी औषधवाला म्हणाले. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. सोमवारपासून मला पाकिटांवर शिक्के मारायला बसवलंय. उत्तराची घाई नाही.
चिमणी

ता. २८ जुलै
चि. चिमणीस,
आज औषधवाल्याला बजावलं, माझ्या नावावर थेंब विकू नकोस. रांगेतला एकजण म्हणाला, दादा, स्वतः बरे झालात, आता आमच्या कानांवर का उठलात? सगळे हसले.
चिमणे, ते थेंब मी शोधलेच नव्हते. कानाच्या डॉक्टरने दिले होते. आधी त्याने दिवा लावून पडदा तपासला, शाबूत आहे म्हणाला, मगच चिठ्ठी लिहिली. कोणी पाहू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो. शून्यातून गॅरेज उभं केलेला माणूस. कुणाकडे गेलो म्हणायची लाज वाटली.
तू माझं नाव घेतलं नाहीस. हे पत्र मेहुण्यांना वाचून दाखव, मग डॉक्टरांनाही. आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.
दादा