गढूळपणा नऊ

महाड, १२ मे

तीर्थरूप रामजीमामांना,

महाडहून किशोरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे ते कळवावं. मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं असं आईकडून समजलं, फार बरं वाटलं. (आईकडून समजलं, कारण तुम्ही माझा फोन घेत नाही. काल सात वेळा लावला. सातव्यांदा उचललात आणि "राँग नंबर" म्हणालात. मामा, तुमचा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.) वाडीच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनही मला काढून टाकलंय. म्हणून शेवटी कागद घेतला. पाकिटावर पाठवणार म्हणून आईचं नाव घातलंय, नाहीतर तुम्ही ते फोडलंच नसतंत. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या कानावर मुंबईला जे पोचलंय ते असं, की किशोरने स्वतःच्या आजोळचा, कुडपणच्या आपल्या वाडीचा झरा बंद केला आणि वर थोरल्या मामीच्या घावण्यांना घाण म्हणाला. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं मी वेगळ्या शब्दांत म्हणालो होतो, पण ते शब्द वाडीत फिरून फिरून असे झाले. काय घडलं ते पहिल्यापासून सांगतो.

मी या पाणी तपासणीच्या प्रकल्पात लागलो तेव्हा मला वाटलं होतं, पाणी तपासायचं म्हणजे पाणी तपासायचं. झऱ्यावर जा, यंत्रात पाणी घाला, आकडा लिहा, पुढच्या गावाला चला. तसं ते दोन वर्षं चाललंही. मग रूपाली मॅडम आल्या. या इथल्याच, नाते गावच्या, वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि त्यांचं काम पाणी तपासणं नाहीच. त्यांचं काम मला तपासणं. रोज सकाळी ठरावीक पाण्याच्या तीन बाटल्या घ्यायच्या, ज्यांचा गढूळपणा किती ते बाटलीवरच छापलेलं असतं, त्या यंत्राला दाखवायच्या, आणि यंत्र तेच आकडे सांगतं का ते बघायचं. (याला कॅलिब्रेशन म्हणतात. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे ते यंत्राला रोज विचारायचं.) दौऱ्यावरून आलं की पुन्हा तेच. शिवाय प्रत्येक दौऱ्यात एक बाटली नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची न्यायची, तीही नमुन्यासारखीच मोजायची, आणि तिच्यात काही निघालं नाही असं लिहायचं. हिला म्हणतात ब्लँक. ज्यात काहीच नाही ते डोंगरावर चढवून मोजायचं आणि काहीच नाही असं लिहून खाली आणायचं! मी एकदा विचारलं, "मॅडम, हे कशासाठी?" तर म्हणाल्या, "किशोर, त्यात काही निघालं तर कळेल कशासाठी." आणि रजिस्टर पुढे सरकवलं. ते रजिस्टर म्हणजे मामा, अकरा रकाने. हात धुतले का, याला वेगळा रकाना. मला दोन मुलं आहेत, आणि मी हात धुतले का हे मी रोज लिहून द्यायचं.

तर २४ एप्रिलला, गुरुवारी, मी आणि ड्रायव्हर अश्विन पोलादपूरच्या बाजूला निघालो. चार गावं करून शेवटी कुडपण. ऊन असं, की गाडीचा दरवाजा धरवत नव्हता. वाडीत शिरलो तर थोरली मामी ओट्यावरच. तुमच्या वहिनी आहेत, तुम्हाला मी काय सांगू. आजोळी आलेला भाचा आधी जेवतो, मग त्याची नोकरी. घावणे, वर लसणाची लाल चटणी, वर कच्चं तेल. मी सहा खाल्ले. (अश्विनने नऊ. त्याचं कुठे नाव नाही.) मामी म्हणाली, "हात धू रे," तर मी म्हणालो उशीर झालाय, आणि हात पँटला पुसून झऱ्यावर गेलो.

ब्लँक नव्हता. ब्लँकचं पाणी सकाळी पोलादपूरला गाडीच्या बॅटरीत गेलं होतं, कारण बॅटरीत पाणी कमी होतं आणि बाटलीत होतं. झऱ्याचं पाणी अंगठ्याएवढ्या काचेच्या कुपीत भरलं, कुपी यंत्रात ठेवली, बटण दाबलं. गढूळपणा नऊ. पाचच्या वर गेलं की आमच्या प्रकल्पाचा नियम सरळ आहे: पाणी पिणं थांबवा, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल येईपर्यंत झऱ्याच्या टाकीवर लाल रंगात लिहा. आवडी तिथे हंडा भरत होती (आपल्या शेजारच्या भरतची बायको). ती म्हणाली, "दादा, पाणी आरशावानी हाय की." मी म्हणालो, "डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राला दिसतं." हे वाक्य मी तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणालो होतो. आता रात्रंदिवस आठवतं. मग मी प्रयोगशाळेसाठी बाटली भरली, अश्विनने ब्रश काढला आणि टाकीवर हातभर अक्षरांत रंगवलं: हे पाणी पिऊ नये. रंग चांगल्यापैकी ऑइल पेंट, पाच पावसाळे टिकणारा.

शुक्रवार ते रविवार मी शिवथरला साडूच्या मुलीच्या लग्नात. यंत्र पेटीत, कुपी यंत्रात, पेटी ऑफिसात. सोमवारी येतो तर रूपाली मॅडम रजिस्टर उघडून बसलेल्या. ब्लँकचा रकाना रिकामा, परतल्यावरच्या तपासणीचा रिकामा, हात धुण्याचाही. मला म्हणाल्या, "हा नऊ कुठून आला?" मी म्हणालो, "झऱ्यातून." त्या म्हणाल्या, "हे कशावरून?" आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा. त्यांनी पेटी उघडली, माझी कुपी दोन बोटांनी काठाला धरून बाहेर काढली, आतलं ओतून दिलं, डिस्टिल्ड वॉटरने आतून तीनदा धुतली, बाहेरून हात लावला नाही, त्याच पाण्याने भरून यंत्रात ठेवली आणि बटण दाबलं. आठ. मामा, ज्यात काहीच नाही त्यात आठ! मग त्यांनी कुपी खिडकीशी उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. काचेवर माझा अंगठा उमटलेला, तेलात, अगदी सातबाऱ्यावर उठावा तसा, आणि मधोमध चटणीचा एक लाल कण. यंत्र काचेतून उजेड पाठवून गढूळपणा मोजतं. काचेला तेल लागलं की ते तेलच मोजतं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "झरा एक, किशोर. तुम्ही आठ."

मंगळवारी त्याच मला घेऊन वर गेल्या. घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडी आली, तर समोरून आवडी डोक्यावर दोन हंडे घेऊन खालच्या विहिरीकडून चढून येत होती. जाऊन-येऊन पाऊण तासाची वाट, आणि भर उन्हाची. मी गाडीत पंख्यासमोर. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामा, तुम्ही माझ्यावर कितीही चिडा, त्या मिनिटाला मी स्वतःवर जेवढा चिडलो त्याच्या पुढे तुम्ही जाणार नाही. झऱ्यावर मॅडमनी दोनदा मोजलं, मला हात धुवायला लावून माझ्याकडून दोनदा मोजवलं. चारही वेळा एकच्या आत. मी लगेच अक्षरं झाकायला रंगाचा डबा काढला, तर म्हणाल्या, "नमुना गेलाय ना? जंतूंचा अहवाल येऊ दे." म्हणजे चूक माझी कळली, तरी पाटी राहणार. अहवाल यायला नऊ दिवस लागले. तो स्वच्छ आला, आणि परवा आम्ही वाडीत जाऊन सगळ्यांना जमवलं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की पाणी चांगलं आहे, प्या. कोणी हललं नाही. थोरली मामी म्हणाली, "तवा खोटा होतास का आता खोटा हायस, ते सांग आधी." मी म्हणालो, मामी, तेव्हा चुकलो. "नऊ होते ते एक झाले, तर बाकीचे आठ कुठं गेले? कोणी प्याले?" माणसं हसायला लागली. मी जे खरं तेच बोललो, की मामी, ते आठ तुझ्या घावण्यांचे होते. बस्स. मामी उठली. "माझ्या घावण्यांत घाण? सहा गिळलेस तवा नाय कळली?" असं म्हणून घरात गेली आणि आतून कडी लावली. मी दाराबाहेरून तेल, काच, उजेड सगळं समजावलं. मॅडमनी समजावलं, तेव्हा आतून त्यांच्यापुरता चहा आला. आणि त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मी आजोळच्या अन्नाला नावं ठेवल्याचं जाहीर झालं आणि मला काढण्यात आलं.

तर चूक माझी आहे. झऱ्याची नाही, घावण्यांची नाही, यंत्राचीही नाही. एवढं तुम्ही थोरल्या मामीला फोनवर सांगावं. माझ्यासाठी ती कडी काढत नाही. धाकट्यांना आशीर्वाद, मुंबईच्या मामीला साष्टांग नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला भाचा,
किशोर

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. वाडीत माझं कोणी ऐकत नाही, पण मुंबईच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून तुमचं ऐकतात. येत्या रविवारी या. गाडी पोलादपूरला उभी ठेवतो. सगळ्यांसमोर झऱ्याचं एक भांडं पाणी प्या, म्हणजे बायकांची ती पाऊण तासाची वाट सुटेल. रंग खरवडायचं काम अश्विन करतोच आहे.

ता. क. दुसरा (१३ मे). पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज महाडच्या बाजारात आवडी भेटली. मी तिची माफी मागितली, तर ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. म्हणाली, "कुठली खालची विहीर, दादा? दोन दिस गेलो. तिसऱ्या दिसापास्नं आपलाच झरा. तुमच्या गाडीचा आवाज आला की भरले हंडे घेऊन थोडं खाली उतरायचं आन् परत चढत यायचं, तुमाला वाईट वाटू नाय म्हणून." मी विचारलं, अगो, मग पाटीचं काय? तर म्हणाली, "पाटीकडं पाठ करून भरायचं."

मामा, मी आधी हसलो. मग रस्त्यातच पावसाळा आठवला. पाऊस लागला की वरची गुरांची वाट धुपून झऱ्यात उतरते. जुलैत कधीतरी आकडा खरोखरचा असेल, आणि सगळी वाडी पाठ करून भरेल. म्हणून रविवारी पाणी प्यायला येऊ नका, ते तर सगळे पितातच. येऊन एवढं सांगा, की पुढच्या वेळी लाल अक्षरं दिसली तर थांबा. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणू नका, कोणी ठेवणार नाही. खाली रूपाली मॅडमची सही असेल तर ठेवा म्हणावं.