फुगा परत फिरला नाही

प्रिय दादा,

आज सकाळी फुगा परत फिरला नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुला जाऊन दोन वर्षंही व्हायची आहेत. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, असं मी म्हटलं तर तू हसशील. वाटत होतं रे. पण लिहायला बसले की एकच गोष्ट लिहावी लागणार होती, आणि तिची मला भीती वाटत होती.

दुपारचे तीन वाजलेत. आई आतल्या खोलीत पडलीय. खाली दादरच्या रस्त्यावरून फेरी चाललीय, "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे". तू ज्या राज्यासाठी डोकं फोडून घेतलंस त्याचा अजून पत्ता नाही. रोज पेपरात आज होईल, उद्या होईल असं येतं. तू असतास तर आत्ता जेवण अर्धवट टाकून त्या फेरीत घुसला असतास, आणि आई मात्र मलाच ओरडली असती.

आठवतं, हवामानाच्या संस्थेत मला चिकटवलंस तेव्हा पहिल्या दिवशी काय शिकवलंस? परळच्या त्या गच्चीवर मला उभं केलंस, मिलच्या चिमण्या दाखवल्यास आणि म्हणालास, वारा कुठून येतो ते लिहायचं, फुगा कुठे जातो ते लिहायचं नाही. पूर्वेचा वारा असला तर फुगा पश्चिमेला जाणार, पण वहीत मांडायचे नव्वद अंश, पूर्व. नवा माणूस घोटाळतो आणि दोनशे सत्तर मांडून ठेवतो, म्हणजे पश्चिम. बरोबर उलटं. सगळं ऑफिस त्याला "एकशे ऐंशी" म्हणायचं, आणि ज्याच्या हातून झालं त्याने सगळ्यांना बटाटेवडे खिलवायचे, हा तिथला कायदा.

तुझ्या पहिल्याच वर्षी तू वडे खिलवले होतेस. तो किस्सा तू घरी किती वेळा सांगितलास! अगदी वरच्या थराला तू दोनशे सत्तर लिहिलेस, साहेबांनी वही सगळ्यांसमोर धरली, आणि तू कान पकडून ते खोडलेस. सगळ्यात मोठ्याने हसलास तो तूच.

फुग्याचा रस्ता मला तेव्हापासून पाठ आहे. थंडीतल्या स्वच्छ सकाळी सोडला की आधी चिमण्यांच्या धुराबरोबर पश्चिमेला समुद्राकडे जायचा. मग वर चढला की पूर्वेला, शिवडीच्या अंगाला वळायचा आणि लांब लांब जात राहायचा. दुर्बिणीत मोहरीएवढा दिसायचा. आणि पंचावन्न हजार फुटांच्या वर गेला की थबकायचा आणि हळूहळू परत आपल्याकडे यायला लागायचा. तू सांगायचास, तिथपर्यंत थंडी वाढत जाते, कल्पनेबाहेर वाढते, आणि तिथून पुढे उलट ऊब यायला लागते. तिथं उंबरठा आहे कुमे, म्हणायचास, त्याच्या पलीकडे वेगळं घर आहे, आपल्या पावसाचा आणि ढगांचा तिथे कुणाला पत्ता नाही. मला ते ऐकून अंगावर काटा यायचा. त्या घरात कोण राहतं, असं विचारलं की तू म्हणायचास, वारा राहतो, पूर्वेचा, एकटा.

मग फाउंटनची ती गर्दी झाली. लाठी बसून तुझ्या डोक्याला सात टाके पडले. महिनाभराने तू कामावर आलास तेव्हा तसाच होतास, फक्त अधूनमधून कपाळ दाबून बसायचास. पण साहेबांनी ते डोक्यात ठेवलं. त्यांना चळवळ आवडत नव्हती आणि चळवळीत डोकं फोडून घेणारा निरीक्षक तर त्याहून आवडत नव्हता.

पुढच्या वर्षीच्या माघात एका सकाळी तू गच्चीचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलास. फुगा परत फिरलाच नाही, म्हणालास, अर्ध्या वाटेतून पुन्हा शिवडीकडेच गेला, पंचाहत्तर हजारांवर वारा पश्चिमेचा आहे. तुझ्या वहीत दोनशे सत्तर होते. साहेब हसले आणि म्हणाले, तुमचं परत एकशे ऐंशी झालंय. एवढ्या उंचावर कसला ऋतू आणि कसला बदल? तू वाद घातलास. मग कुणीतरी मागून "वडे" म्हटलं आणि सगळे हसले. तू निमूटपणे जाऊन वडे आणलेस. सगळ्यांना वाटलेस, पण स्वतः खाल्ला नाहीस, ते मी पाहिलं होतं.

त्यानंतर जेव्हा जेव्हा आभाळ निवळ होतं तेव्हा तुझे वरचे आकडे दोनशे सत्तरच येत राहिले. फाल्गुनात तर बहात्तर हजारांवरही तेच. तू घरी येऊन दाराच्या आतल्या बाजूला, जिथे बाबा आपल्या उंचीच्या खुणा करायचे, त्याच्या वर पेन्सिलीने रेघा मारायला लागलास. वारा जिना उतरतोय, महिन्याला तीनेक हजार फूट, म्हणालास. आई घाबरली. कुणीतरी वरून उतरतंय असं तिन्हीसांजेला घरात बोलू नये म्हणाली. खरं सांगते, मीही घाबरले होते, पण वाऱ्याला नाही. तुझ्या डोक्याला घाबरले होते.

आता ती गोष्ट सांगते.

साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं आणि म्हणाले, भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे असंच चाललं तर वरती कळवावं लागेल. मी टेबलावर परत आले. तुझी वही माझ्याकडेच आकडेमोडीला यायची. समोर दोनशे सत्तर, दोनशे सत्तर, दोनशे सत्तर. मी रबर काढलं.

शाळेत तुला शिक्षा व्हायची तेव्हा "मी वर्गात बोलणार नाही" शंभर वेळा कोण लिहून द्यायचं? मीच ना! तुझं अक्षर माझ्या हातात बसलेलं होतं. तुझं शून्य खाली जरा उघडं राहतं, तुझ्या नऊची शेपटी आत वळते. मी दोनशे सत्तर खोडून त्या जागी नव्वद लिहिले, तुझ्याच अक्षरात. कुणाला संशय येऊ नये एवढाच विचार होता. तुझी नोकरी वाचवतेय असं मला वाटत होतं. त्या चैत्रात मी असे पंधरा-वीस आकडे बदलले.

आणि मग तू वही उघडलीस.

तू कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत होतास. मी समोरच बसले होते, मान खाली घालून. तू वही माझ्याकडे वळवलीस आणि अगदी हळू आवाजात विचारलंस, "कुमे, हे मीच लिहिलंय ना?"

मी म्हटलं, "हो दादा. तूच."

का नाही तू माझ्यावर ओरडलास? का नाही पान उजेडाकडे धरलंस? तू एवढा हुशार, वाऱ्याचा माग काढणारा, आणि बहिणीच्या तोंडाकडे एकदा नीट बघता आलं नाही तुला? तू फक्त मान हलवलीस. स्वतःच्या अक्षरावर तुझा विश्वास होता, आणि माझ्यावरही. नव्हता तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर.

त्यानंतर तू दुर्बिणीला डोळा लावायलाही कचरायला लागलास. फुगा भरून देणाऱ्या राणेमामांना विचारायचास, शिवडी याच बाजूला ना? घरी जेवताना उजवा हात कुठला ते बघून मग पाणी घ्यायचास. वैशाखात तू स्वतःच साहेबांना सांगून खालच्या मजल्यावर टेबलाचं काम मागून घेतलंस. दारावरच्या रेघा पुसून टाक म्हणून आईला सांगितलंस. आषाढात ताप आला आणि पाचव्या दिवशी तू गेलास. शेवटच्या दुपारी तू मला म्हणालास, "मला डावं-उजवं कळेना गं." मी तुझा हात धरून बसले होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली आणि गप्प राहिले.

तुझ्या जागेवर नवा माणूस आला आणि गेला, मग गच्चीवर मला पाठवायला लागले. गेल्या वर्षभर फुगा गुणी मुलासारखा परत फिरत होता. मी वहीत नव्वद, नव्वद लिहीत होते आणि मनाची समजूत घालत होते की मी बदलले तेच आकडे खरे होते.

आज सकाळी पहिल्या ट्रामने परळला गेले. उजाडायचं होतं. राणेमामांनी फुगा भरून ठेवला होता. मी दुर्बिणीजवळ गेले, डोळा लावला, आणि झटकन मागे झाले. दादा, डोळा लावायची काच आधीच कोमट होती. आत्ताच कुणीतरी तिथून डोळा बाजूला घ्यावा तशी. राणेमामांना विचारलं तर ते म्हणाले, मी आल्यापासून गॅसपाशीच आहे, आच्छादनसुद्धा तुम्हीच काढलंत. आणि खरंच, ते मीच काढलं होतं.

फुगा सोडला. मी दर मिनिटाला कोन सांगत होते, राणेमामा लिहीत होते. समुद्राकडे गेला, शिवडीकडे वळला, पंचावन्न हजार झाले. आता थबकेल म्हणून मी वाट बघत राहिले. साठ हजार, पासष्ट, आणि तो थबकला. परत यायलाही लागला, मला हुश्श झालं. पण त्याच्याही वर, पंचाहत्तर हजारांना, तो पुन्हा उलटा वळला आणि मोहरीएवढा ठिपका शिवडीकडे निघून गेला. गच्चीवर एवढी शांतता होती की मला माझ्या मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. राणेमामा तर माझ्या समोर उभे होते. मी वळून पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही, आणि भीती वाटली तरी तो श्वास तसाच राहावा असंही वाटत होतं.

राणेमामांनी पेन्सिल खाली ठेवली. ते कधी ऑफिसात मालवणी बोलत नाहीत, पण आज बोलले. "फुगो परत फिरूक नाय, बाय," म्हणाले. मग त्यांनी मला सांगितलं की त्यांना वड्यांवरून आठवतंय. तुझ्या पहिल्या वर्षी वडे खाल्ले, मग दोन वर्षांनी तुझेच, आणि आज पुन्हा दोन वर्षं झाली. मधल्या वर्षी कधी वडे नव्हते. इतकी मोठी माणसं तिथे बसलीत, आणि वारा दर दोन वर्षांनी फिरतो हा हिशोब लागला तो वड्यांवरून!

खाली येऊन मी जुनी वही काढली. खिडकीशी तिरकी धरली. रबराने शिसं गेलं रे दादा, पण तू पेन्सिल किती दाबून लिहायचास. माझ्या नव्वदांच्या खाली तुझे दोनशे सत्तर कागदात तसेच रुतलेले आहेत. एकेक वाचता येतो.

घरी आले आणि थेट दाराकडे गेले. आईने रेघा पुसल्या नव्हत्या, दार रंगवूही दिलं नव्हतं. तुझ्या रेघा तशाच आहेत, पंचाहत्तर, बहात्तर, आणि पुढे तू अंदाजाने मारलेल्या तुटक रेघा पार पंचावन्नापर्यंत, तिथे एक जाड आडवी रेघ आणि शेजारी "इथून खाली येत नाही". हे सगळं मी पूर्वी पाहिलं होतं. पण अगदी वर, माझा हात पुरत नाही तिथे, काहीतरी बारीक लिहिलंय हे आज स्टुलावर चढले तेव्हा दिसलं. "पंचाहत्तर. दोन पावसाळ्यांनी पुन्हा." तुझं उघडं शून्य नव्हतं त्यात, पण अक्षर तुझंच. मी तरी हे लिहिलं नाही. या वेळी शप्पथ घेऊन सांगते.

तुझं डोकं ठीक होतं. तुझे डोळे ठीक होते. उजवा हात तुझा उजवाच होता. वारा खरंच फिरला होता, आणि उलटं लिहिलं ते मी.

आई उठली की आधी तिला सांगणार आहे. ती काय म्हणेल माहीत नाही. उद्या साहेबांपुढे दोन्ही वह्या ठेवीन, माझे नव्वद सगळ्यांसमोर खोडीन, तुझे दोनशे सत्तर माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीन आणि प्रत्येकापुढे माझी सही करीन. नोकरी गेली तर जाईल. शिकवण्या करीन, पापड लाटीन, आईचं आणि माझं भागेल. राणेमामांना आकडे विचारून दर महिन्याला दारावर रेघ मारीन, तुझ्या तुटक रेघांवरून, पंचावन्नापर्यंत.

आणि उद्या जाताना कोपऱ्यावरून वडे घेऊन जाणार आहे, सगळ्या ऑफिसला पुरतील एवढे. हे एकशे ऐंशी माझं आहे. एक वडा गच्चीवर दुर्बिणीपाशी ठेवीन. त्या दिवशी तू खाल्ला नव्हतास.

तुझी,
कुमुद