चौथ्या प्रेसची टकटक

१४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

चि. टिटवीस,

बाबांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, जिना मात्र ती अजून त्याला शिव्या देतच चढते. तीन वर्षांतलं माझं हे पहिलं पत्र, तेव्हा अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही.

तुमच्या बँडचा नवा अल्बम ऐकला. दादाने लावून दिला, वर "मी लावला असं सांगू नका" म्हणाला, म्हणून सांगतो. माहितीत लिहिलंय, इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल. इंडस्ट्रियल म्हणे! मी पस्तीस वर्षं कारखान्यातले आवाज घालवले, आणि तू ते वेचून परत आणतेस.

मला काही प्रश्न आहेत. बँडमधला तुझा तो जोडीदार डब्यात तोंड घालून ओरडल्यासारखा का गातो? ढोल जर यंत्रच वाजवतं, तर दुसऱ्या गाण्यात तो मध्येच किंचित मागे कसा पडतो? यंत्र असं मागे पडलं तर मी आधी पट्टा सैल झालाय का ते बघायचो. तिसऱ्या गाण्याला आई म्हणाली, "मिक्सर चालू राहिला का हो?" आणि स्वयंपाकघरात बघून आली. पण चौथ्या वेळी तेच गाणं लागलं तेव्हा मान हलवत भांडी पुसत होती.

हे सगळं एका गेमसाठी केलंय म्हटल्यावर मला राहवेना. आता रोज नाश्ता झाला की खेळतो. ओसाड कारखाना, आत एकटा फिटर, आणि कुठलं यंत्र बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून शोधायचं. ही कल्पना कोणाची? यंत्राजवळ गेलं की संगीतात एक आवाज वाढतो, ते बंद केलं की तेवढाच गळतो. प्रत्येक आवाज वेगळा बांधून ठेवता का? त्या फिटरच्या खिशात लांब स्क्रू-ड्रायव्हर कशाला, हे मात्र मी विचारत नाही.

मला हल्ली बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हल्ली म्हणजे, बरीच वर्षं. कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून अल्बमही मी बेअरिंग तपासायचो तसाच ऐकला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या खोक्याला आणि मूठ कानामागच्या हाडाला. आठ गाणी झाली. नवव्याला तुम्ही नाव दिलेलं नाही, नुसता आकडा आहे, चार. ते लागलं आणि मी मूठ हाडावर आणखी दाबून धरली.

आपल्या कारखान्यातला चौथा प्रेस होता तो, पत्रा ठोकायचं यंत्र. आणि दर तिसऱ्या ठोक्यानंतर एक टक.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू रेकॉर्डर घेऊन कारखान्यात आली होतीस. सगळ्यांदेखत म्हणालीस, "बाबा, हा वेगळा वाजतोय. मध्येच टक येतंय." मला काहीच ऐकू आलं नाही. आधी स्क्रू-ड्रायव्हर लाव, मग तोंड उघड, हा नियम माझाच. पण चार माणसांत पोरीने चूक दाखवली, आणि ती खरी निघाली तर? मी जागचा हललो नाही. लांबूनच म्हणालो, "ठणठणीत आहे. आता तू मला शिकवणार?"

दोन दिवसांनी बेअरिंग फुटलं आणि ऑपरेटरची दोन बोटं गेली. चौकशीत मी साहेबांना सांगितलं, मुलीने प्रेसला चुंबकाचा माइक चिकटवला होता, त्यानेच काहीतरी झालं असेल. काडेपेटीएवढं ते चुंबक! त्याने प्रेसचं काही बिघडत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. घरी तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला खरंच असं वाटतं?" मी पेपर वाचत राहिलो. तू बॅग भरलीस तेव्हाही वाचतच होतो.

गेमच्या शेवटी सगळी यंत्रं बंद केली की तेवढी टक उरते. एक बटण दाबलं की तीही थांबते आणि गेम संपतो. आई मागून म्हणते, "दाबा की हो एकदाचं!" मला दाबवत नाही. हे रेकॉर्डिंग तू तेव्हाच साहेबांपुढे ठेवलं असतंस, तर माझी नोकरी गेली असती. तू ठेवलं नाहीस. ते इथे ठेवलंस. माझ्यासाठी ठेवलंस का? बाकीचे प्रश्न सोड, याचं उत्तर दे.

काल ऑपरेटरकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बोटं तर गेलीच. पण तीन वर्षं तुमच्या पोरीला शिव्या घातल्या मी, त्याचं काय करू?" साहेबांनाही लिहून दिलंय, नक्कल सोबत आहे.

माझं चुकलं, टिटवे. तुझं ऐकलं असतं तर त्याचा हात शाबूत राहिला असता, आणि तू घरात असतीस.

ये म्हणायला मला तोंड नाही. पण आलीस तर बेल वाजवू नकोस, ती मला ऐकू येत नाही. दारावर जोरात हात मार, फरशीतून कळतं. सकाळी मी दाराजवळच बसलेला असतो, अनवाणी.

त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर खिशातच ठेवणारा,
तुझा बाबा