कांकणं काळी पडतात

बिश्केक, १२ फेब्रुवारी

प्रिय सायकालताई,

सलाम. तुझे गुडघे, तुझी लाल गाय आणि अंगणातलं जर्दाळूचं झाड, तिघांची खुशाली कळव. मी मजेत आहे. मेदेर आणि सूनबाई गुलबारा सकाळीच कामावर जातात, मग घर माझंच. सातव्या मजल्यावरून डोंगर दिसतात. धुकं नसलं तर.

तुझ्या नातीला मुलगा झाल्याचं कळलं आणि शाळेतली ती कविता आठवली. बर्फ नदीला म्हणतो, 'वाट बघ, मी येतोच आहे पाणी होऊन.' पुढची ओळ तुला येत असेल. तू माझ्यापुढे होतीस.

बाळाच्या चाळिसाव्या दिवसाच्या न्हाणाला माझ्या आल्तिनायची चांदीची कांकणं पाण्यात हवीतच. आपल्या घरातलं एकही लेकरू त्यांच्याशिवाय न्हालेलं नाही. ती गेल्यापासून पेटीत पडून पार कोळसा झाली होती. मेदेर म्हणाला, "बाबा, आईची कांकणं तुम्ही लख्ख करा, मग मी स्वतः तुम्हाला गावी सोडतो."

मग काय, बसलोच. खायच्या सोड्याचा ओला लगदा, जुना दातांचा ब्रश, शेवटी लोकरीचं फडकं. कांकणांत जडवलेल्या पोवळ्याला सोडा लागू द्यायचा नाही, व्हिनेगर तर नाहीच. मेंढ्याच्या शिंगांची नक्षी आहे ना, तिच्या खाचेत जरा काळं राहू द्यायचं, नाहीतर नक्षी आंधळी होते. घासताना वाटतं, आल्तिनाय शेजारीच पीठ मळते आहे.

लख्ख झाली. पेटीत ठेवली. दोन दिवसांनी मेदेर म्हणतो, "अहो, ही काळीच आहेत की!" खरंच होती. पुन्हा घासली, पुन्हा तेच. वाटलं, म्हातारपणी घासल्याची स्वप्नं पडतात की काय.

परवा पेटीला वास आला. फडक्याखाली उकडलेल्या अंड्याचा बलक! अंड्याने चांदीचा चमचा काळा पडतो म्हणून आई आपल्याला लाकडी द्यायची, आठवतं?

"सूनबाई, चांदीला न्याहारी कोण देतं?" मी विचारलं.

ती लाल झाली. "बाबा, घासता तेव्हा तुम्ही कविता म्हणता. संपलं की दाराशी जाऊन उभे राहता. ते मला बघवत नाही, म्हणून घासणं संपूच देत नाही."

"मग दार उघड."

"आणि पुन्हा हरवलात तर?"

ताई, हे लिहायचं नव्हतं. नोव्हेंबरात पाव आणायला उतरलो आणि संध्याकाळी पोलिसांनी घरी आणून सोडलं. तेव्हापासून ही दोघं जाताना बाहेरून कुलूप लावतात. हे पत्रसुद्धा लोकरीच्या धाग्याला बांधून बाल्कनीतून खालच्या आजीबाईंकडे सोडतोय.

पण अंगावरची चांदी काळी पडत नाही, हे पोरांना कुठलं ठाऊक! काल पुन्हा घासली आणि दोन्ही कांकणं सरळ मनगटांत चढवली. जेवताना मेदेर म्हणाला, "बाबा, हे काय बायकी?"

"तुझ्या आईची आहेत. लख्ख आहेत की नाहीत, तेवढं सांग."

तो शोरब्यात बघतच म्हणाला, "आहेत." गावाचं मात्र नाव काढलं नाही.

तुझ्यापुढे त्याचं लहानपणापासून काही चालत नाही. आत्याने दार ठोठावलं तर किल्ली काढावीच लागेल. गुडघे दुखत असतील, तरी न्हाणाआधी ये. तोवर कांकणं मी झोपेतही काढणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूला उभा,
तुझा धाकटा
एसेनबाय