आईचं नाक कुठे मिळेल?

ती. ताईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय तिकडे, डोकं इकडे, मधलं अंतर टपालखात्याने सांभाळून घ्यावं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? मी ठीक आहे, म्हणजे दाढी वाढलीय, छत गळतंय आणि उत्तरेच्या खिडकीत एक कबूतर नेमकं उजेड अडवून बसतं. पत्रास कारण आहे, पण ते शेवटी येईल.

आईचं चित्र तीन वर्षं झाली तरी का पाठवलं नाही, असं तू चार पत्रांत विचारलंस (दर वेळी थोड्या मोठ्या अक्षरांत). आता सांगूनच टाकतो. तू दिलेला आईचा एकुलता एक फोटो चौकटीच्या काचेला चिकटला होता. मी तो हलक्या हाताने सोडवला. एवढा हलका हात माझ्या चित्रांत असता तर मी आज कुठल्या कुठे असतो. फोटो सुटला, आईचा चेहरा तेवढा काचेवर राहिला. माझं लक्ष फोटोच्या मागच्या बाजूकडे, आणि काच मळकी दिसली म्हणून मी सवयीने टर्पेंटाईनच्या फडक्याने ती लख्ख पुसली. इतकी स्वच्छ काच या घरात त्याआधी नव्हती, नंतरही झाली नाही. आता फोटोत खुर्ची आहे, मांडीवरचे हात आहेत, खांदे आहेत आणि वर पांढरा डाग. ताई, मी तुला फार घाबरलो. पन्नाशी उलटलेला माणूस, दुपारभर पलंगाखाली बसून होतो.

मग म्हटलं, आठवणीतून काढू. तर आईचा आवाज आठवतो, रागावली की एक भुवई चढायची ते आठवतं, नाक काही केल्या आठवेना. शेवटी लोकांकडून उसनवारी सुरू केली. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचे कान थेट आईचे. ते बघायला मिळावेत म्हणून मी एकच पँट पाच वेळा आखूड करून घेतली (ती आता गुडघ्यापर्यंत आहे). पोस्टातल्या कारकुनाचं कपाळ आईचं. मी एक तिकीट घ्यायचो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहायचो. एकदा तो वैतागून म्हणाला, “काका, नक्की काय हवंय तुम्हाला?” मी खरं ते सांगितलं, “कपाळ.” तेव्हापासून मला बघितलं की तो जेवायला उठतो. हनुवटी घरमालकाची घेतली. ते छत बघायला आले, चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि “ही आमच्यातली कोण?” असं विचारून छत न बघताच गेले. चित्रात सगळं जागच्या जागी आहे गं, आई तेवढी नाही.

त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावाही त्याच वाटेने निघालाय. माझ्या दुखण्यात नजरेचा मधला भाग आधी जातो, कडा राहतात. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे कान दिसणार, चेहरा नाही. (काचेवर मी जे केलं, तेच आता माझं होणार.) किती दिवस, विचारलं. त्या म्हणाल्या, वर्षाच्या आत. मला रडू आलं. डोळ्यांत घातलेले औषधाचे थेंब झोंबले असतील असं त्यांना वाटलं, मीही वाटू दिलं.

रागावू नकोस. रागावलीस तर निदान पत्राने तरी रागाव.

तुझा,
धांदरट

ता. क. : कारण राहिलंच. आईचं नाक तुझ्याकडे आहे. चार दिवस येऊन माझ्यासमोर बस. बोललीस तरी चालेल. ओरडलीस तर भुवईचंही काम होईल.

दुसरा ता. क. : वरचं नाकाचं खोटं आहे. तू नखशिखांत बाबांसारखी दिसतेस, लहानपणी यावरून मी तुला किती रडवलंय. चित्राला तुझा काडीचा उपयोग नाही. तरी ये. डावा डोळा आहे तोवर ये.