माझ्यापेक्षा गोड बोलणारा शोएब

होसूर, प्लँटच्या खोलीवरनं

आदरणीय मेहमूदमामा यांस भाचा शोएबचा सलाम. शहजादीमामींनाही सलाम. गुडघा कसा हाय? तळेगावच्या बाजाराला जीपच्या मागं लोंबकळत जाऊ नका, एवढ्या लांबनं सांगतोय त्याचा तरी मान ठेवा. मी खुशाल हाय. (खुशाल म्हंजी धडधाकट. बाकीचं वाचून तुम्हीच ठरवा.)

तुम्ही हौसेनं माझं नाव मोबाइलवरच्या ज्या सोयरीक जमवणाऱ्या कंपनीत घातलं, तिच्याकडनं समद्या गिऱ्हाइकांची माहिती चोरीला गेली. माझा फोटो, उंची, पगार, तुमचा नंबर, इतकंच काय, कोरेगावच्या आसमीनचं स्थळ चाललंय हेबी. कंपनीनं मेसेज धाडला, आम्हाला तुमच्या माहितीची फार काळजी हाय, तरी तुम्ही पासवर्ड बदला आन् सावध राहा. म्हंजी घर त्यांचं, कुलूप त्यांचं, चोरी त्यांच्यात, आन् राखणीला मी!

मग सुट्टी टाकून बंगळूरला त्यांच्या हापिसात गेलो. गेटवर वॉचमननं आधार घेतलं, फोटो काढला, ओटीपी मागितला. आतल्या मॅडम म्हणाल्या, गेलेली माहिती तुमचीच कशावरनं? जन्मतारीख सांगा, आईचं नाव सांगा. समदं दिलं. (आधीचं चोरानं नेलं, त्यांच्याकडं काय उरलं न्हाई असं वाटून कीव आली.) मग म्हणाल्या, नुकसान काय झालं ते दाखवा, तवा जबाबदारीचं बघू. बरोबर हाय, म्हणून तिथनंच आसमीनच्या अब्बांना फोन लावला, तुम्हाला कुणाचा फोन आला का विचारायला. (मी लाजून त्यांच्याशी कवाच बोललो न्हवतो.) नाव सांगितलं तर म्हणाले, "आरं शोएब, आज दुसऱ्याच नंबरावरनं व्हय? किती दिस झालं, फोन न्हाई तुझा! दवाखान्याच्या पैशाचं मनाला लावून घेऊ नको. फोनवर पैसे द्यायची आमच्यात रीत न्हाई. घरी ये, चार घास खा, मग बघू."

म्हंजी चोर माझ्या नावानं रोज त्यांच्याशी बोलत होता. त्यांची शुगर विचारली, कांद्याचा भाव विचारला, मग हळूच दवाखान्याचे पैसे मागितले. जेवायचं बोलावणं ऐकलं आन् गायब झाला. पण अब्बा खूश. असा अदबीचा पोरगा शोधून सापडायचा न्हाई, स्थळ पक्कं समज, म्हणाले. मॅडमला मराठी कळंना, मीच भोळ्यासारखं हिंदीतनं सांगितलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं की नुकसान न्हाई, सोयरीक जुळली. वर अभिनंदन केलं आन् पाच स्टार द्यायला लावले.

मामा, मी ह्यांना सोडणार न्हाई. कंपनीनं जबाबदारी घेतलीच पाहिजे. तुम्ही आजच चौकीत तक्रार द्या.

तुमचा,
शोएब

ता. क. तक्रार निकाह होईस्तोवर देऊ नका. पोलीस अब्बांना विचारायला जातील, आन् तो अदबीचा पोरगा मी न्हवतो हे त्यांना कळंल.

आणखी ता. क. चोराकडं तुमचाबी नंबर हाय. फोन आला तर पैसे देऊ नका, पण शिव्याबी देऊ नका. गोडीत घेऊन विचारा, अब्बांशी काय काय बोलला होता. रविवारी दौंडला उतरून थेट त्यांच्याकडं जेवायला जायचंय. अब्बा म्हणालेत, अजमेरच्या प्रवासाची गोष्ट अर्धी राहिलीय, ती जेवताना पुरी कर. मी अजमेरला कवा गेलोच न्हाई.