मिशी ठेवावी की काढावी?

प्रिय साडूभाऊ यांस,

तुमच्याहून वयाने आणि वजनाने लहान असलेल्या साडूचा वाकून नमस्कार (वाकताना कंबर धरली, पण तो आजचा विषय नाही). तुमचा गुडघा जिना चढू देतो का? ताईंचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक. फक्त माझा वरचा ओठ मध्यंतरी सार्वजनिक चर्चेत होता. ती हकीकत तिखटमीठ लागून तुमच्या कानावर येण्याआधी माझ्याच तोंडून ऐका.

तुमची मेहुणी सातवीला भाषा शिकवते हे तुम्ही जाणताच. सातवीला शिक्षण खात्याची निबंध चाचणी असते. सगळ्या शाळांना एकच विषय, वेळ तासाभराची, आणि तपासणारे अनोळखी. आपलं मत मांडायचं, कारणं द्यायची, समोरच्याचं म्हणणं खोडायचं आणि समारोप करायचा. शाळेचा निकाल सारखा पडत होता, म्हणून संस्थेने यंदा बजावलं होतं, की पुन्हा पडला तर सातवी बाहेरच्या क्लासवाल्यांकडे जाईल आणि हिने खालच्या वर्गांना शुद्धलेखन घालावं. त्या दिवशी हिने घरी येऊन आवरलेलं कपाट तेवढं पुन्हा आवरलं. (बहिणी बहिणी सारख्याच, तेव्हा या कपाटाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.)

सरावाचे निबंध ही मला वाचून दाखवायची. 'शाळेत मोबाइल असावा का' यावर अख्ख्या वर्गाने मिळून एकच निबंध लिहिलेला. प्रत्येकाच्या नाण्याला दोन बाजू, आणि शेवटी 'अति तेथे माती' म्हणून सगळे मोकळे. हिने वर्गात विचारलं, "अरे, हे तुम्हाला स्वतःला पटतं का?" तर मॉनिटर उभा राहून म्हणाला, "आम्हाला कशाला पटायला पाहिजे, बाई? परीक्षकांना पटलं की झालं!" त्या दिवशी जेवताना ही माझ्याकडे टक लावून बघत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको असं बघायला लागली, की शहाण्याने उठून हात धुवावेत. मी आणखी वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर विषय पडला: 'बाईंच्या नवऱ्याने मिशी ठेवावी की काढावी?' वाचणारा आणि ठरवणारा मी. ज्याचा निबंध मला पटेल तसं मी वागेन, हेही हिने माझ्या वतीने (मला न विचारता) जाहीर केलं. "अहो, मुलांना खराखुरा माणूस पटवायचाय," ही म्हणाली. "आणि घरात तेवढे एकच आहात तुम्ही."

मग पोरं पुरावे गोळा करायला माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊ लागली. कोणी डोळे तपासायच्या खुर्चीत बसून मिशी किती जवळ येते ते पाहिलं, कोणी शेजारच्या न्हाव्याची उलटतपासणी घेतली. आमच्या मातोश्रींनी तर माझा लहानपणचा फोटो काढून दिला. घरचाच माणूस फितूर, मी कोणाच्या तोंडाकडे बघू?

पण साडूभाऊ, निबंध काय आले म्हणता! मॉनिटरने लिहिलं, की काका नंबर काढताना इतके जवळ येतात की अक्षरं वाचावीत की मिशी, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दुसऱ्याने दर कपामागे किती चहा मिशी पिते याचा हिशोब मांडला. नाणं एकाकडेही नव्हतं. मी निम्मा गठ्ठा वाचून दाढीचं सामान काढून ठेवलं.

आणि तळाशी हळूबाईचा निबंध निघाला. (इतकं हळू बोलते, की हजेरी घेताना बाईंना तिच्या ओठांकडे बघावं लागतं. तिचा निबंध आजवर तीन ओळींपलीकडे गेला नव्हता, आणि त्याही ती खोडायची.) तिने लिहिलं होतं: 'चहाचं नुकसान होतं हे खरं आहे. पण मला चष्मा लागला तेव्हा मी रडत होते. काकांनी चष्मा घातला आणि मला जगात सगळ्यात आधी स्पष्ट दिसली ती त्यांची मिशी. ती हसत होती. लहान मुलांना तोंड हसताना दिसत नाही, मिशी हसताना दिसते. ती काढू नये.'

मी दाढीचं सामान परत ठेवलं आणि चष्मा पुसला. (माझा स्वतःचा.) हिने मात्र त्या निबंधाचे गुण कापले. समारोप नाही म्हणे! मी चिडलो. पोरीने काळीज काढून ठेवलंय आणि तू समारोप मागतेस? तर शांतपणे म्हणाली, "तुमच्यासारखा लगेच विरघळणारा परीक्षक तिला मिळेलच असं नाही. तिचं म्हणणं दगडालाही पटलं पाहिजे." आणि रोज मधल्या सुट्टीत हळूबाईला शेजारी बसवून शेवटचा परिच्छेद लिहून घेऊ लागली. पोरगी खोडायची, ही म्हणायची, "खोड. पण खोडलंस त्याच्या जागी दुसरं लिही." मी डबा द्यायला गेलो की दारातूनच बघायचो. आपली बायको कामात किती देखणी दिसते, हे मला दुकानात बसून कसं कळणार होतं?

चाचणीत विषय आला 'गृहपाठ बंद करावा का'. ही घरी आली ती दारातच रडायला लागली. मी घाबरलो. तर म्हणाली, "हळूबाईने पुरवणी मागितली हो! आणि मोठ्याने मागितली. सगळ्या वर्गाने मान वर केली!"

निकाल गेल्या आठवड्यात लागला. शाळेचा इतका चांगला निकाल कोणाच्या आठवणीत नाही. सातवी हिच्याकडेच राहिली. संस्था सत्कार करणार होती, ही म्हणाली त्याऐवजी वर्गातला पंखा दुरुस्त करा. पंखा फिरतोय.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक.

तुमचा,
मिशी शाबूत असलेला साडू

ता. क.: नव्या सातवीला नवा विषय हवा होता. घाईत माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. 'बाईंच्या मेहुण्यांनी घोरणं थांबवावं का' असा विषय फळ्यावर पडलाही आहे. मुलांना पुरावा लागेल, तरी चार दिवस राहायला यावं, ही नम्र विनंती. पत्र खरं तर यासाठीच.

ता. क. दुसरा: यायचं जमत नसेल तरी काळजी नसावी. ताईंनी हिच्याकडे चार पानी पुरावा आधीच पाठवलाय. दोन्ही बाजू मांडल्या आहेत असं ही म्हणते. मी दोनदा वाचला, दुसरी बाजू काही मला सापडली नाही.